अडीच सेकंद उशिरा

पांढरा रस्सा टेबलावर आला तेव्हा त्यावर अजून वाफ होती. शैलजाताईंनी सवयीनं दोन वाट्या ओढून घेतल्या. एक स्वतःपुढे ठेवली आणि दुसरी उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

"आई," डावीकडून रेणुका म्हणाली, "मी इकडं बसलेय."

"हो की." शैलजाताईंनी वाटी उचलून लेकीपुढे सरकवली. "हात गेला आपला. तू घे, गरम आहे तोवर."

साठावा वाढदिवस म्हणून रेणुका पुण्याहून मुद्दाम आली होती. आईला बाहेर जेवायला न्यायचं आणि जोडीला विनोदाचा खेळ दाखवायचा, असा तिचा बेत होता. इचलकरंजीत असं ठिकाण एकच, 'शेड नंबर सात'. नावाप्रमाणे ती खरोखरच शेड होती. पूर्वी इथं बहात्तर यंत्रमाग दिवसरात्र खडखडत असत. नवे आवाज न करणारे माग गावाबाहेर गेले, जुने भंगारात गेले आणि रिकाम्या शेडमध्ये कुणीतरी टेबलं मांडून एका टोकाला छोटं व्यासपीठ बांधलं. करवतीच्या दातांसारख्या छतातल्या तिरप्या काचा मात्र तशाच ठेवल्या होत्या.

शैलजाताईंना ही शेड चांगली ठाऊक होती. त्यांचे यजमान, शशिकांत हावळ, इथं बावीस वर्षं जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. शेडचं नाट्यगृह झाल्यावर दर महिन्याला ते बायकोला घेऊन इथं जेवायला येत आणि नऊ नंबरचंच टेबल मागत, कारण एकतीस आणि बत्तीस नंबरचे माग नेमके तिथं होते. शशिकांत गेले त्याला चार वर्षं झाली होती. त्यानंतर शैलजाताई आज पहिल्यांदाच इथं पाऊल टाकत होत्या.

दिवे मंद झाले. व्यासपीठावर तन्मयी नावाची एक उंच, काटकुळी मुलगी आली. तिनं आल्याआल्या पुढच्या टेबलावरची मूठभर भडंग उचलून तोंडात टाकलं.

"आमच्या घरी बोलणारा फ्रिज आणलाय," ती सांगू लागली. "आई विचारते, दूध आहे का रे? तो म्हणतो, आहे, अर्धा लिटर, उद्यापर्यंत टिकेल. आई म्हणते, थांब, उघडून बघते."

शेड हसली. रेणुकाही हसली. हसू ओसरू लागलं, काटे-चमचे पुन्हा वाजू लागले, आणि तेवढ्यात शैलजाताईंच्या उजव्या खांद्याशी कुणीतरी श्वास आत ओढला.

गार पाण्यात पाय घालताना माणूस ओढतो, तसा श्वास. मग हसण्याचे तीन आखूड ठोके, थांबलेला माग हातानं ओढून सुरू करावा तसे. मग लांब घसरत गेलेलं हसू आणि शेवटी किंचित खोकला.

आजूबाजूच्या टेबलांवर विझत आलेलं हसू पुन्हा पेटलं आणि या वेळी पहिल्यापेक्षा मोठं झालं. शैलजाताईंच्या हातातला भाकरीचा तुकडा पाण्याच्या ग्लासात पडला.

उजवीकडची खुर्ची रिकामी होती.

*

मध्यंतरात त्या तडक मागच्या कोपऱ्यात गेल्या. पूर्वी तिथं सुताच्या कांड्या भरण्याचं यंत्र होतं, आता आवाजाचं नियंत्रण करणारं टेबल होतं. त्यामागे नाझनीन मुजावर बसली होती. पस्तिशीची, डोक्यावर स्कार्फ, भौतिकशास्त्राची पदवीधर आणि या शेडची ध्वनितंत्रज्ञ.

"काकू, वॉशरूम तिकडं आहे, डाव्या हाताला," तिनं स्क्रीनवरून नजर न काढता सांगितलं.

"मला वॉशरूम नको. माझे मिस्टर कुठं आहेत ते सांग."

नाझनीननं मान वर केली. "चुकामूक झाली का? नाव पुकारू?"

"चार वर्षांपूर्वी वारलेत ते," शैलजाताई म्हणाल्या. "आणि आत्ता माझ्या शेजारी हसले."

नाझनीननं शेजारचं स्टूल पुढे ओढलं. "बसा, काकू."

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं.

माणूस एकटा असताना फार कमी हसतो आणि चारचौघांत कितीतरी पटींनी जास्त. दुसऱ्याचं हसू नुसतं कानावर पडलं तरी मेंदू चेहऱ्याच्या स्नायूंना तयारीत ठेवतो. मात्र त्यासाठी शेजारी कुणीतरी आधी हसावं लागतं. गेल्या दहा वर्षांत लोक घरी, डोळ्यांवर पडद्याचे चष्मे चढवून, एकेकटे कार्यक्रम पाहू लागले. नाट्यगृहं अर्धी रिकामी राहू लागली, आणि आलेली माणसंही मोठ्यानं हसायला बिचकू लागली. चांगले विनोद थंड सभागृहात मरू लागले.

यावर एक तोडगा निघाला. छताला चौसष्ट मायक्रोफोन लावायचे. एकच आवाज प्रत्येक मायक्रोफोनपाशी काही सहस्रांश सेकंद मागेपुढे पोहोचतो. त्या फरकावरून आवाज कोणत्या खुर्चीतून आला ते कळतं, आणि गर्दीच्या हसण्यातून एकेकाचं हसू वेगळं काढता येतं. हजारो प्रेक्षकांच्या हसण्यातून ज्यांच्यामुळे इतर हमखास हसतात असे तीनशे नमुने निवडले गेले. आता राज्यातल्या चाळीस सभागृहांत, योग्य क्षणी, ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनांच्या अरुंद झोतावर स्वार करून त्यातलं एखादं हसू नेमक्या टेबलापाशी सोडलं जातं. तिथल्या माणसाला वाटतं, शेजारचं कुणीतरी हसलं. तो हसतो आणि त्याचं ऐकून बाकीचे.

"आम्ही त्याला विरजण म्हणतो," नाझनीन म्हणाली. "चमचाभर टाकायचं. बाकी दूध आपोआप लागतं."

"आणि आत्ताचं विरजण?"

"नमुना दोनशे चौदा. याच शेडमध्ये पाच वर्षांपूर्वी घेतलेला, टेबल नऊ." तिनं स्क्रीन शैलजाताईंकडे वळवली. "काकू, तो आमच्याकडचा सगळ्यात चांगला नमुना आहे. कारण तो उशिरा येतो, विनोद संपल्यावर बरोबर अडीच सेकंदांनी. लोकांचं हसू उतरत असतं तेव्हा. त्यामुळे दुसरी लाट उठते. असं का होतं ते कुणालाच माहीत नाही. हे नेहमीच उशिरा हसायचे का?"

शैलजाताईंना ते माहीत होतं.

मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. बावीस वर्षं तो ऐकला की कानाच्या आतल्या नाजूक केसपेशी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. म्हणजे 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण 'स', 'त', 'क' हरवतात. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. शेडमधली सगळीच माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलत. शशिकांतही उजेडात भराभर ओठ वाचायचे. पण नाट्यगृहात अंधार. म्हणून ते शैलजाताईंच्या उजवीकडे बसायचे, कारण डावा कान जरा बरा होता. विनोद झाला की त्या कानाशी वाकून तो पुन्हा सांगायच्या आणि मग ते हसायचे. सगळे हसून झाल्यावर, एकटेच, मोठ्यानं.

एकही विनोद आपण त्यांच्यापासून चुकू दिला नाही, याचा शैलजाताईंना अभिमान होता.

*

"हे चालणार नाही," घरी पोहोचेपर्यंत रेणुकाचा आवाज चढला होता. "बाबा गेलेत आणि हे लोक त्यांचं हसू चाळीस गावांत वाटत बसलेत. परवानगी कुणी दिली?"

परवानगी शशिकांतनीच दिली होती. तिकीट घेताना खालच्या चौकोनात खूण केली होती, न वाचता. त्या परवानगीची पाच वर्षांची मुदत आता संपत होती. वारसाला कळवणारं पत्रही आलं होतं, शैलजाताईंच्या नावानं, पण रेणुकाच्या ई-मेलवर. तिनं जाहिरात समजून ते उघडलं नव्हतं. नमुना पुढे चालू ठेवायचा की मागे घ्यायचा हे वारसानं महिनाअखेरपर्यंत सांगायचं होतं. मागे घेतला तर सगळीकडून पुसला जाणार, मूळ ध्वनिमुद्रणासकट. घरी प्रत मिळणार नव्हती. त्या मुद्रणात दीडशे इतर माणसांचे आवाज होते आणि कायदा त्यांच्याही बाजूनं होता.

"उद्याच फॉर्म भरू," रेणुका म्हणाली.

"महिना आहे ना अजून?"

"आई, ते बाबा नाहीत. एक आवाज आहे नुसता."

"मला माहीत आहे गं," शैलजाताई म्हणाल्या. "पण महिना आहे ना?"

पुढचे तीन शनिवार त्या एकट्या गेल्या. नऊ नंबरचं टेबल, दोघांचं ताट. पहिल्या शनिवारी त्या ठेवणीतली हिरवी साडी नेसल्या आणि वेणी नीट घातली. नाझनीननं दुरून मान हलवली. दोनशे चौदाचा झोत ती गुपचूप नऊ नंबरकडे वळवत होती. त्या संध्याकाळी शशिकांत सहा वेळा हसले. शैलजाताई तरंगत घरी आल्या आणि त्यांनी कित्येक दिवसांनी दोघांचा चहा टाकला. उकळी आल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं.

दुसऱ्या शनिवारी त्या व्यासपीठावरचं काहीच ऐकत नव्हत्या. विनोद संपायची वाट पाहत होत्या.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी मोजलं. अडीच सेकंद. श्वास. तीन ठोके. घसरण. खोकला. पुन्हा विनोद, पुन्हा अडीच सेकंद, श्वास, तीन ठोके, घसरण, खोकला. विनोद फ्रिजवर असो की सासऱ्यावर, हसू तेच. आणि घरातले शशिकांत तर किती तऱ्हांनी हसायचे! रेणुका अंगणात घसरून पडली तेव्हा दाबून हसले होते. स्वतःच्या विनोदावर तर तो सांगण्याआधीच हसायचे. या एका हसण्यात बाकीची हसणी कुठं होती? आणि तो खोकला. तेव्हा त्यांना वाटलं होतं की घशात भडंग अडकलं. छातीत साचलेला कापसाचा तंतू वर्षभरानं डॉक्टरांनी दाखवला.

खेळ संपल्यावर त्या नाझनीनपाशी गेल्या. "एक सांग. हे नेमकं कशावर हसलेत?"

"म्हणजे?"

"कुठल्या विनोदावर? मी सांगितलेला असणार तो. मला आठवत नाही गं. एवढं चाळीस गावांना हसवणारं काय सांगितलं मी?"

नाझनीन विचारात पडली. "नमुन्यात फक्त हसू आहे. आधीचं यंत्रानं कापून टाकलेलं असतं. पण मूळ मुद्रण आहे. वारसाला एकदा ऐकायचा हक्क आहे, इथं येऊन. बुधवारी चारला शेड रिकामी असते." मग ती हळूच म्हणाली, "महिनाअखेर शुक्रवारी आहे, काकू."

*

बुधवारी रेणुकाही आली, फॉर्म घेऊन. वरच्या काचांमधून उत्तरेचा पांढरा उजेड टेबलांवर पसरला होता. अशा उजेडात सुताचा तुटलेला धागा चटकन दिसतो, असं शशिकांत सांगायचे. नाझनीननं दोघींना नऊ नंबरच्या टेबलाशी बसवलं.

"मुद्रणात चौसष्ट मायक्रोफोन वेगवेगळे आहेत," ती म्हणाली. "मी ते सगळे याच टेबलाकडे वळवते, म्हणजे बाकीचे आवाज मागे जातील. एकदाच लावता येतं. तयार?"

आधी नुसता गलका आला. मग तो हळूहळू दूर सरला, दार लोटल्यावर रस्त्याचा आवाज सरतो तसा. जवळून वाटीवर चमचा आपटला. लांबवर एक कलाकार घाईघाईनं सांगत होता, "...तिसऱ्या वेळी कंपनी बुडाली, तेव्हा गुंतवणूकदार काय म्हणाला? अरे वा, हा तर पिव्होट आहे!"

शेड हसली. लाट वर गेली आणि उतरू लागली. आणि अगदी जवळून, जणू टेबलाखालून, एका बाईची कुजबुज आली.

"मलाबी नाही कळलं. हसा तुम्ही."

श्वास आत ओढला गेला. तीन ठोके. घसरण. खोकला.

रेणुकानं आईकडे पाहिलं. शैलजाताईंनी तोंडावर हात धरला होता.

मुद्रण थांबलं नव्हतं. नमुन्यात नसलेला भाग पुढे चालू होता. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याची कुजबुज मोठीच असते, तशी शशिकांतची होती.

"मग आलोय कशाला आपण?"

"जेवायला."

"रस्सा पातळ हाय."

आणि एक बाई हसली. खळखळून, न थांबता, मध्येच "अहो, लोक बघतायत" असं म्हणत. मागे दुसरा विनोद सुरू झाला होता, पण नऊ नंबरच्या टेबलाला त्याचा पत्ता नव्हता.

नाझनीननं आवाज बंद केला.

"एकही विनोद चुकू दिला नाही म्हणत होतीस," रेणुका म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसत होते.

"मला तसंच वाटत होतं की." शैलजाताईंनी पदरानं नाक पुसलं. "सारखं मीच सांगतेय, मीच सांगतेय. आणि हे खोटारडे! म्हणजे किती वेळा हे माझ्यावर हसले असतील!"

"तुमचं हसूसुद्धा छान आहे, काकू," नाझनीन म्हणाली. "यंत्रानं कसं सोडलं काय माहीत."

रेणुकानं फॉर्म टेबलावर ठेवला. "आता तरी सही कर, आई. यांनी बाबांचं हसू तेवढं घेतलं आणि तुला कापून टाकलं. चाळीस ठिकाणी ते कुणाच्याही विनोदावर चिकटवतायत. आणि तूच म्हणालीस ना, दर वेळी सारखंच वाजतं. ऐकून ऐकून बाबा तुला तेवढेच उरतील. बाकीचे सगळे विसरशील."

हे खरं होतं, आणि शैलजाताईंना ते तिसऱ्या शनिवारीच कळलं होतं. त्यांनी पेन उचललं. फॉर्मवर दोन चौकोन होते. 'मागे घ्यावा' आणि 'चालू ठेवावा'.

"नाझनीन," त्या म्हणाल्या, "ही विरजणं किती दिवस टिकतात?"

"लोकांच्या कानाला सवय झाली की उतरतात. दोनशे चौदा अजून दीड-दोन वर्षं चालेल. मग यंत्र आपणहून काढून टाकेल."

"दीड-दोन वर्षं." शैलजाताईंनी उजवीकडच्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "रेणू, तू म्हणतेस ते बरोबर आहे. हसू एकच आहे. पण त्याच्या आधी जागा आहे ना. अडीच सेकंद. यांनी मला तिथून कापलं, पण जागा तशीच ठेवली. तिथं बोलणारी मीच होते."

"म्हणजे?"

"म्हणजे हसू तेच राहू दे. मी दर वेळी वेगळं सांगीन."

त्यांनी दुसऱ्या चौकोनात खूण केली. रेणुकानं आईचा हात दाबला आणि फॉर्म नाझनीनकडे दिला.

*

शनिवारी दोघी पुन्हा नऊ नंबरवर होत्या. रेणुका डावीकडे बसली. तिनं स्वतःच तिसरी वाटी मागवून उजवीकडच्या खुर्चीपुढे ठेवली. शेड आज जवळजवळ भरली होती. तन्मयी तिच्या बोलणाऱ्या फ्रिजवर आली, या वेळी त्यानं आईला शेजारणीच्या फ्रिजमधल्या बातम्या सांगायला सुरुवात केली होती. शेवटचं वाक्य पडलं. टेबलांवरून हसू उठलं, छतापर्यंत गेलं आणि उतरू लागलं.

शैलजाताई उजवीकडे वाकल्या. जिथं एक डावा कान असायचा तिथं तोंड नेऊन, त्या अंधारात पटकन म्हणाल्या,

"अहो, रस्सा अजून पातळच आहे."

शेजारी कुणीतरी श्वास आत ओढला.